मुलीला मागावं लागू नये: गावच्या शाळेत पाळीची सोय कशी उभी करायची

आमच्या शाळेत पॅडची पाकिटं होती. ऑफिसातल्या लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात. कपाटाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात, आणि दाराला दोरीनं बांधलेली वही: तारीख, नाव, वर्ग, सही. जुलैत आणलेली पाकिटं जानेवारीत मोजली, तर वहीत चार नावं. पाळी येणाऱ्या मुली चाळीसच्या वर. मी तिथे विज्ञान शिकवते, आणि सहा महिने माझी समजूत अशी होती की मुली घरूनच सोय करून येत असतील.

त्याच जानेवारीत आठवीतली एक मुलगी फळ्यावर आकृती काढायला उठेना. "पोट दुखून रायलं मॅडम, बसूनच सांगतो." शाळा सुटली, वर्ग रिकामा झाला, तरी ती दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. शेवटी मी शेजारी जाऊन बसले. तिनं रफ वहीची मागची सात-आठ पानं फाडून, चुरगाळून चुरगाळून मऊ केली होती आणि तीच लावली होती. दुपारच्या सुट्टीपासून. गाव नऊ किलोमीटरवर, शाळेच्या मुलींसाठीची सरकारी मानव विकासची बस पाच वाजता, त्यामुळे मधेच घरी जायचा प्रश्नच नाही.

"अवं, कपाटातलं कावून नाई मांगितलं?"

"सर बसले होते ना."

पाकिटं तिच्या बाकापासून वीस पावलांवर होती. त्या दिवसापासून आम्ही शाळेतली प्रत्येक सोय एकाच प्रश्नावर घासून पाहतो: हे वापरायला मुलीला कुणाला विचारावं लागतं का? लागत असेल, तर ती सोय अजून झालेली नाही. पुढे जे लिहिते आहे ते शिक्षकांसाठी, शाळा व्यवस्थापन समितीतल्या आयांसाठी, ग्रामपंचायतीच्या सदस्यांसाठी आणि आशाताईंसाठी आहे. यवतमाळकडच्या एका गावात जे जमलं आणि जे फसलं, त्यावरून.

आधी दोन दिवस नुसतं बघा

खरेदीची घाई करू नका. पहिल्या दिवशी मुलींच्या स्वच्छतागृहात स्वतः जा आणि दार लावून आत दोन मिनिटं उभ्या राहा. आतून कडी लागते का? दाराला खालून किंवा बाजूनं फट आहे का? दार लावल्यावर उजेड उरतो का? ओढणी किंवा दप्तर टांगायला खुंटी आहे का, की सगळं ओल्या फरशीवर ठेवावं लागतं? पाणी आत आहे, की बाहेरच्या नळावरून बादली भरून, मुलांच्या वर्गासमोरून न्यावी लागते? शाळेत आल्यावर पाणी असतंच. तुम्ही दुपारी दोन वाजता जाऊन बघा. आमच्याकडे बोअर विजेवर, आणि भारनियमन असलं की टाकी दुपारी कोरडी.

शिक्षण हक्क कायद्यानं २००९ सालीच मुलामुलींसाठी वेगवेगळी स्वच्छतागृहं बंधनकारक केली. यू-डायसच्या, म्हणजे शाळांकडून सरकार भरून घेतं त्या माहितीत आपण दरवर्षी "मुलींचं स्वच्छतागृह चालू आहे" अशी खूण करतो. चालू म्हणजे काय, हे त्या दोन मिनिटांत कळतं. आमच्याकडे दोनपैकी एकात खडूचे जुने खोके आणि फुटके बाक भरलेले होते.

दुसऱ्या दिवशी मुलींना विचारा, पण वर्गात हात वर करायला लावून नाही. बिननावाच्या चिठ्ठ्या घ्या. प्रश्न चारच पुरतात: पाळीच्या दिवसांत शाळेत येतेस का? येत नसशील तर का? घरी काय वापरतेस? शाळेत बदलायची वेळ आली तर काय करतेस? चिठ्ठ्या पाचवी-सहावीच्या मुलींकडूनही घ्या. पाळी नवव्या वर्षापासून पुढे कधीही सुरू होऊ शकते, आणि सगळ्यांत जास्त घाबरलेली मुलगी बहुधा सर्वांत लहान असते. आमच्या चिठ्ठ्यांमध्ये पॅड नाही म्हणणाऱ्या मुली थोड्या निघाल्या. "दाराची कडी नाई", "पानी नाई", "टाकू कुठी?" हेच पुन्हा पुन्हा. एकीनं लिहिलं होतं, "सकाळपासून पानीच पेत नाई, मंग जा लागत नाई." चंद्रपूर-यवतमाळच्या मार्च-एप्रिलमध्ये दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुलीचं काय होतं, हे सांगायला डॉक्टर नको.

पॅडच्या आधी कडी, पाणी, बादली

पहिले पैसे इथे घाला. आतून लागणारी मजबूत कडी, खांद्याच्या उंचीवर दोन खुंट्या, पॅड किंवा कपडा ठेवायला छोटी फळी, साबण, मग, आणि दोनशे लिटरचा ड्रम किंवा झाकणाची टाकी स्वच्छतागृहाच्या आतल्या बाजूला. ड्रम रोज सकाळी वीज असेल तेव्हा भरायचा. भरायची पाळी मुलामुलींच्या गटांना आलटून पालटून द्या. "मुलींचं आहे तर मुलीच भरतील" हे सुरुवातीलाच मोडा.

कचऱ्याची झाकणाची बादली प्रत्येक संडासाच्या आत हवी. बाहेर व्हरांड्यात ठेवलेल्या बादलीत कोणतीही मुलगी वापरलेलं पॅड टाकायला जात नाही. ती ते खिडकीतून मागच्या पऱ्हाटीत फेकते किंवा भांड्यात टाकते, आणि मग संडास तुंबला म्हणून आपण त्याला कुलूप घालतो. बादली पायानं उघडणारी असली तर उत्तम. शेजारी जुन्या वर्तमानपत्राचे कापलेले चौकोन एका खिळ्याला अडकवून ठेवा.

आणि एक आरसा. चेहऱ्याचा नको, लांब हवा, कमरेखालचं मागून दिसेल असा. ही सूचना नववीतल्या मुलीची. पाळीच्या दिवसांत मुली दर तासाला मैत्रिणीला "मांगून पाय ना वं" म्हणत असतात. आरसा लागल्यापासून ते बरंच थांबलं.

किती लागतं, किती पैसे लागतात

समजा शाळेत पाळी सुरू झालेल्या ४० मुली आहेत. एका पाळीला साधारण १५ पॅड धरा: दर चार ते सहा तासांनी बदलायचं, पाचेक दिवस, शेवटचे दिवस कमी. सगळ्यांना सगळी पॅड शाळेनं द्यायची ठरवली तर महिन्याला ६०० आणि दहा महिन्यांत ६,०००. फक्त शाळेत अचानक लागणारी धरली, तर मुलीमागे महिन्याला दोन, म्हणजे महिन्याला ८० आणि वर्षाला ८००.

प्रधानमंत्री जनऔषधी केंद्रात सुविधा नावाची पॅड २०१९ च्या ऑगस्टपासून एक रुपयाला एक मिळतात. म्हणजे पूर्ण सोयीला वर्षाला सहा हजार, तातडीच्या सोयीला आठशे. हा आकडा पालकसभेत फळ्यावर लिहा. "एवढा खर्च कुठून करायचा" असं म्हणणारे गप्प होतात, कारण गावातल्या एका जेवणावळीत याहून जास्त खर्च होतो. जनऔषधी केंद्र बहुतेक तालुक्याच्या ठिकाणी असतं. जाण्याआधी साठा आहे का ते फोन करून विचारा आणि तीन महिन्यांचं एकदम आणा. दुकानातून घेत असाल तर बिल तपासा. सॅनिटरी पॅडवरचा जीएसटी जुलै २०१८ मध्ये शून्य झाला आहे, त्यामुळे बिलात तो दिसला तर परत मागा.

पैसे कुठून आणायचे, हे जरा सविस्तर सांगते, कारण इथेच बहुतेक शाळा अडतात.

सरकारी शाळेला समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या केंद्राच्या योजनेतून संयुक्त शाळा अनुदान येतं. निकषाप्रमाणे १०१ ते २५० पट असलेल्या शाळेला ५० हजार, ३१ ते १०० पटाला २५ हजार, आणि त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. कडी, ड्रम, साबण, बादल्या यातून होतात. अनुदान उशिरा येतं, कधी हप्त्यानं येतं, म्हणून खर्चाचा ठराव आधीच करून ठेवा.

ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. लहान ग्रामपंचायतीत ही रक्कम फार मोठी नसते, पण पॅडसाठी पुरते. स्वच्छतागृहाची दुरुस्ती आणि पाण्याची जोडणी यासाठी गावच्या विकास आराखड्यात काम धरून घ्या. आराखडा बनतो तेव्हा शाळेतून कुणी जात नाही आणि मग वर्षभर आपण निधी नाही म्हणत बसतो. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते. विषय तिथे मांडला की ग्रामसभेत तो बायकांच्या तोंडून येतो, मॅडमच्या तोंडून नाही. आमचं काम तिथेच झालं. महिला सभेत एका आजीनं उभं राहून एवढंच म्हटलं, "आमी काढलं तसं पोरींनं काढाव का?" पुढे कुणी काही बोललं नाही.

आरोग्य खात्याची बाजूही पाहा. ग्रामीण किशोरवयीन मुलींसाठी केंद्राची मासिक पाळी स्वच्छता योजना २०११ पासून आहे. त्यात आशाताईमार्फत सहा पॅडचं पाकीट सहा रुपयांना देण्याची पद्धत होती. राज्याची अस्मिता योजना ८ मार्च २०१८ ला सुरू झाली. तिच्यात बचत गटांमार्फत जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना आठ पॅड पाच रुपयांत द्यायची ठरली होती. योजना बदलतात, साठा थांबतो, पुन्हा येतो. म्हणून योजनेच्या नावावर विसंबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि गावच्या बचत गटाच्या ताईंकडे दर तिमाहीला "या महिन्यात काय उपलब्ध आहे" एवढं विचारा.

अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. ठराव त्यांच्याकडून आला की वजन येतं. अर्ज लांबवू नका. आम्ही असा लिहिला होता: "आमच्या शाळेत पाचवी ते दहावीच्या इतक्या मुली आहेत. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही, दुपारी पाणी नसते, वापरलेले पॅड टाकण्याची सोय नाही. यामुळे मुली महिन्यातून काही दिवस शाळेत येत नाहीत. दरवाजा दुरुस्ती, पाण्याची जोडणी व वर्षाला ६०० पाकिटे (प्रत्येकी १० पॅड) यांसाठी महिला व बालकल्याण निधीतून तरतूद व्हावी. समितीचा ठराव सोबत जोडला आहे." आकडे तुमच्या शाळेचे घाला. "मुलींच्या सक्षमीकरणासाठी" वगैरे वाक्यांनी अर्ज भरू नका. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला कोणत्या शीर्षाखाली खर्च टाकायचा ते कळलं पाहिजे.

कुठे ठेवायचं आणि वहीचं काय करायचं

आम्ही कपाटातली पाकिटं काढली आणि मुलींच्या स्वच्छतागृहाबाहेरच्या आडोशाला, भिंतीत बसवलेल्या बिनकुलपाच्या पत्र्याच्या पेटीत ठेवली. उंदीर आणि ओल यांपासून वाचवायला आत प्लॅस्टिकचा झाकणाचा डबा. आडोसा नसेल तर ग्रंथालय किंवा प्रयोगशाळेतला एखादा खालचा कप्पाही चालेल, मात्र तिथे जायला परवानगी लागू नये.

वही ठेवायचीच आहे, ऑडिटला लागते. पण तिच्यात मुलीचं नाव कशाला? दर शनिवारी शिल्लक मोजायची, "आणली इतकी, संपली इतकी" लिहायचं आणि जबाबदार शिक्षिकेची सही. एवढं पुरतं.

"मुली घरी घेऊन जातील" ही भीती प्रत्येक बैठकीत निघते. जातीलच. घरी आई आहे, मोठी बहीण आहे, जी वेचणीला जाते आणि दिवसभर कापसाच्या शेतात एकच कपडा वापरते. पेटी भरल्यावर पहिल्या महिन्यात आमच्याकडेही आठ दिवसांत संपली. आम्ही पुन्हा भरली. तिसऱ्या महिन्यात खप स्थिर झाला, कारण वस्तू संपणार नाही याची खात्री झाली की कुणी साठा करत नाही. शक्य असेल तर पेटीबरोबरच प्रत्येक मुलीला महिन्याचं एक पाकीटही द्या. मग पेटीवर ताण येत नाही.

पेटी बघायला नववीच्या दोन आणि सातवीच्या दोन मुली ठेवा. लहान मुली मोठ्या बाईंकडे येत नाहीत, ताईकडे येतात. सातवीतली मुलगी पाचवीतल्या घाबरलेल्या मुलीला जे सांगते ते आपल्याला तासभर बोलून जमत नाही.

याशिवाय एक तातडीची पिशवी. तिच्यात दोन पॅड, वर्तमानपत्र, साबणाची वडी, दोन मापांच्या गडद रंगाच्या सलवारी आणि तीन-चार नव्या निकर. निकरकडे लक्ष द्या. पॅड टिकतं ते चांगल्या इलॅस्टिकच्या निकरमुळे, आणि गावात अनेक मुलींकडे अशी निकरच नसते. कित्येक मदत करणारे पॅडचे ढीग देतात आणि हे विसरतात. वापरलेली निकर मुलीचीच. सलवार धुऊन परत येते.

वर्ग चालू असताना मुलीला बाहेर जायचं असेल तर तिनं कारण न सांगता जावं, हा नियम सगळ्या शिक्षकांना, विशेषतः सरांना, मुख्याध्यापकांकडून सांगायला लावा. आमच्याकडे दाराजवळच्या खिळ्याला एक लाकडी पट्टी असते. ती उचलायची आणि जायचं. मुलंही तीच उचलतात, त्यामुळे पट्टीला कुणी काही अर्थ लावत नाही.

कपडा वापरणाऱ्या मुलींना कमी लेखू नका

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते २४ वयाच्या निम्म्या तरुणींनी कपडा वापरत असल्याचं सांगितलं. आपल्या कापसाच्या मुलखात जुन्या सुती लुगड्याचा कपडा घराघरांत आहे. तो वाईट नाही. वाईट आहे तो लपवून वाळवणं. गोठ्याच्या मागे, गादीखाली, दुसऱ्या ओल्या कपड्याखाली अर्धवट वाळलेला कपडा पुन्हा वापरला की खाज, पुरळ, जंतुसंसर्ग.

वर्गात हे प्रत्यक्ष करून दाखवा. कपडा आधी थंड पाण्यात भिजवायचा; गरम पाणी घातलं की डाग बसतो. मग साबणानं चोळून धुवायचा, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळायचा आणि कडक उन्हात दोरीवर मोकळा टाकायचा. आपल्याकडे ऊन ही फुकट मिळणारी गोष्ट आहे. पावसाळ्यात झड लागली की वाळत नाही. तेव्हा इस्त्री फिरवून पूर्ण कोरडा करायचा, आणि श्रावणापुरती तरी शाळेतली पॅड वापरायची. दोन-चार कपडे फिरते ठेवायचे, वाळलेले स्वच्छ पिशवीत, आणि विरलेले बाद करायचे. शिवलेली धुवायची पॅड विकत घेत असाल तर त्यांच्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस १७५१४. पाकिटावर ते लिहिलेलं आहे का पाहा.

आश्रमशाळा किंवा वसतिगृह असेल तर मुलींच्या बाजूला, बाहेरून न दिसणारी पण उन्हातली एक दोरी बांधा. त्या दोरीला खर्च जवळजवळ नाही आणि फरक फार मोठा आहे.

वापरलेल्या पॅडचं काय

बाजारातल्या पॅडमध्ये बरंच प्लॅस्टिक असतं. ते पुरलं तरी कुजत नाही, नाल्यात टाकलं तर पावसात गावभर फिरतं, आणि शोषखड्ड्याच्या संडासात गेलं तर खड्डा भरतो. कागदात गुंडाळून झाकणाच्या बादलीत टाकायचं, हे मुलींना पहिल्याच दिवशी शिकवा. २०१६ च्या घनकचरा नियमांतही गुंडाळून सुक्या कचऱ्यात वेगळं देण्याचीच पद्धत सांगितली होती.

बादली कोण रिकामी करणार, हे आधी ठरवा. ग्रामपंचायतीच्या सफाई कर्मचाऱ्याला किंवा शाळेनं ठेवलेल्या ताईंना वेगळा मोबदला, रबरी हातमोजे आणि साबण द्या. मुलींना शिक्षा म्हणून हे काम कधीच देऊ नका. तालुक्याची कचरागाडी गावापर्यंत येत असेल तर गोष्ट सोपी. येत नसेल तर विटांनी बांधलेला, वरून सिमेंटचं झाकण असलेला खोल खड्डा करा, विहीर-बोअरपासून निदान ५० फूट लांब. काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी किती वर येतं ते म्हाताऱ्या माणसांना विचारूनच जागा ठरवा.

भिंतीवरची विजेची जाळण्याची मशीन घ्यायच्या आधी दहादा विचार करा. आम्हाला एक देणगीत मिळाली. शाळेचं वायरिंग तिचा भार घेईना, दोनदा फ्यूज उडाला, आणि चालली तेव्हा अर्धवट जळून वर्गात धूर. कमी तापमानावर जळणाऱ्या प्लॅस्टिकचा धूर विषारी असतो. उघड्यावर जाळू नका, चुलीतही नाही.

बोलायचं कसं

"बाहेर बसली", "कावळा शिवला", "एमसी आली", "अडचण": इतके शब्द आहेत, पण मुलीला पहिल्यांदा रक्त दिसण्याच्या आधी कुणी काही सांगितलेलं नसतं. पहिली बैठक मुलींची वेगळी घ्या, आशाताई किंवा उपकेंद्राच्या सिस्टरला बोलवा. चित्र काढून सांगा: गर्भाशयाचं आतलं अस्तर दर महिन्याला तयार होतं, गर्भ राहिला नाही की गळून पडतं, तेच हे रक्त. घाण नाही, जखम नाही. दोन ते सात दिवस चालतं. सुरुवातीची दोन-तीन वर्षं अंतर कधी २१ दिवसांचं, कधी ४५. त्याला घाबरायचं नाही. तारीख वहीच्या मागच्या पानावर लिहायची सवय लावा. नंतर डॉक्टरांना हीच तारीख लागते.

पुढच्या आठवड्यात मुलांना तेच चित्र दाखवा, विज्ञानाच्या तासाला, पचनसंस्था शिकवतो त्याच आवाजात. पहिली दहा मिनिटं खिदळतात. मग प्रश्न येतात. एका मुलानं विचारलं, "माही माय तवा पान्याच्या भांड्याले हात कावून लावत नाई?" मी त्याला सांगितलं की शरीरात त्यामुळे पाणी खराब होईल असं काहीही होत नाही, आणि बाकीचं त्यानं घरी आईशी बोलावं. विटाळावर भाषण ठोकलं असतं तर त्याच्या आईनं पुढच्या पालकसभेत पाय ठेवला नसता.

गडचिरोलीत माडिया गोंड गावांमध्ये पाळीच्या दिवसांत बायका-मुली गावाबाहेरच्या कुरमा घरात राहतात. तिथल्या शिक्षकांनी पहिल्या दिवसापासून कुरमा मोडायची भाषा करू नये. मुलगी आज रात्री तिथेच झोपणार आहे, म्हणून आधी दार, उजेड, पाणी आणि पॅड तिथे पोचवा, आणि कुरम्यातून ती शाळेत येऊ शकते का हे गावातल्या मोठ्या बायकांशी बसून बोला.

काय नेहमीचं, काय दवाखान्याचं

पोटात आणि कमरेत दुखणं पहिले एक-दोन दिवस होतं. गरम पाण्याच्या बाटलीचा शेक, थोडं चालणं, भरपूर पाणी यांनी बऱ्याच जणींना आराम पडतो. वर्गाच्या कोपऱ्यात एक चटई आणि झाकणाची बाटली ठेवा. गोळी स्वतःच्या मनानं देऊ नका. कोणती, किती, उपाशी पोटी नाही ना, हे आरोग्य केंद्रातून लिहून घ्या आणि पालकांना कळवा.

या गोष्टी दिसल्या तर मात्र थांबू नका: दर एक-दोन तासाला पॅड भिजणं, सात दिवसांपेक्षा जास्त रक्त जाणं, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गाठी पडणं, दर महिन्याला शाळा बुडेल इतकं दुखणं, वास येणारा पांढरा स्राव किंवा खाज, तीन महिन्यांहून जास्त काळ पाळी न येणं, आणि १५ वर्षं पूर्ण होऊनही पाळी सुरू न होणं. पाळी थांबली म्हणून मुलीची चारचौघांत चौकशी करू नका. कारणं बरीच असतात, अशक्तपणाही असतो. तिनं काही अत्याचाराचं सांगितलं तर ते पोलिसांना कळवणं पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यानं आपल्यावर बंधनकारक आहे, आणि चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८ आहे.

मोठेपणी बायकांनी सोसत राहायचं ही सवय कुठून येते, हे आपल्याच विदर्भात दिसलं आहे. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या, १९८९ साली तो अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला: ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग, आणि आधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. त्या बायका कधीतरी शाळेच्या वयाच्या होत्याच.

रक्ताच्या कमतरतेकडे वेगळं लक्ष द्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना ती आढळली. बारा वर्षांवरच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे कमी. शाळेत आठवड्याला एक निळी गोळी मिळते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. ती खिचडी खाल्ल्यावर, आपल्यासमोर घ्यायला लावा, चहाबरोबर नको. शी काळी होते हे आधी सांगा, नाहीतर मुली गोळ्या मैदानात फेकतात. जंताची गोळी वर्षातून दोनदा.

विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. ज्या मुलींना हा आजार आहे त्यांची यादी वर्गशिक्षिकेकडे, गुप्त ठेवून, असू द्या. त्यांना लोहाची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यायची, आणि पाळीच्या दिवसांत हातपाय, पाठ, छाती दुखायला लागली तर ते साधं पोटदुखणं समजू नका. भरपूर पाणी पाजून लगेच दवाखाना. शाळा तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा येतं. त्या दिवसासाठी दाखवायच्या मुलींची नावं आधी काढून ठेवा.

सुट्टीच्या आधी

एप्रिलमध्ये शाळा सकाळची होते आणि मग विदर्भात जूनच्या शेवटापर्यंत दारं बंद. पेटी भरलेली आणि मुली घरी, असं पहिल्या वर्षी आमचं झालं. आता निकालाच्या दिवशी प्रत्येक मुलीच्या हातात प्रगतिपुस्तकाबरोबर तपकिरी कागदात बांधलेलं पुडकं देतो: ३० पॅड, एक साबण, एक नवी निकर. मुलांनाही तसंच पुडकं, त्यात वही-पेन. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

शाळा उघडायच्या दोन दिवस आधी स्वच्छतागृह उघडून बघा. दोन महिन्यांत कडी गंजलेली असते, ड्रममध्ये पाल पडलेली असते, पेटीत मुंग्या झालेल्या असतात. कडीला तेल घाला, ड्रम घासून भरा, पेटी उन्हात ठेवा. मुली यायच्या आधी.